अक्षर कोणाचं

माहीम, ता. पालघर
९ जानेवारी २०२५

हेमालीच्या बाबांना नलूचा नमस्कार.

तुमचं दिवाळीतलं पत्र आत्ता पोचलं. मच्छीमार संघटनेच्या माणसानं पालघरला बोलावून हातात दिलं. घरापर्यंत दम निघाला नाय, स्टँडवरच उभ्यानं वाचलं. तुमी जिवंत हाय, जेवता हाय, एवढं कळलं न् रिक्षात बसायचं सोडून मी तशीच चालत सुटले.

तुमची बोट पाकिस्तानवाल्यांनी धरली त्याला वर्ष उलटलं. हेमाली म्हणते, बाबांनी ओख्याला खलाशी म्हणून जायलाच नको होतं. मी तिला सांगते, पाण्यावर काय कुणी कुंपण घातलेलं असतं? जाळं जिकडं ओढेल तिकडं बोट जाते.

एक सांगायचं हाय, रागावू नका. मी कंपनीत जायला लागले. कुंभवलीच्या पुढं, एमआयडीसीत. दवाखान्याच्या पट्ट्यांची कंपनी हाय, जखमेवर बांधायची पांढरी पट्टी असते ना, ती. रस्त्यापलीकडच्या वाडीवाल्यांची चारुता तिथं माल तपासायला हाय, तिनं शब्द टाकला. आमी बाया घड्या घालतो, पाकिटात भरतो. मशीनवर बायांना उभं करत नाय. तिथं सगळे यूपी-बिहारचे पुरुष.

तात्यांना पटलं नाय. मासळीची पाटी घेऊन बोईसरला बसत होते ते त्यांना चालत होतं. कंपनी म्हटल्यावर म्हणाले, "आपल्या घरची सून दुसऱ्याच्या हाताखाली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "तात्या, तुमचा पोरगा तरी कुणाच्या बोटीवर होता?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नायत. जे सांगायचं ते माईंना सांगतात, माई मला सांगतात.

पण मी का जाते ते तुमाला ठाऊक हाय. हेमाली बारावीला हाय. तिला नर्स व्हायचं. पुस्तकात हाडांची चित्रं बघत बसते न् मला मनगटाला धरून सांगते, आई, इथं आठ हाडं असतात. मी म्हणते, मासळीला असती तर मोजली असती मी. हसते.

पायाला सूज हाय लिहिलंत. मीठ कमी खा. तिथं आपल्या हातात काय हाय म्हणा.

तुमची
नलू


कराची, तुरुंग
२ मार्च २०२५

सौ. नलूस,

पत्र मिळालं. इथं आधी ते वाचतात, मग आमाला देतात. तेव्हा लाडाचं काय लिहू नको, त्यांना फुकटची करमणूक.

कंपनीचं दुसऱ्याकडून कळलं असतं तर डोकं फिरलं असतं. तू सांगितलंस, बरं केलंस. जा. तात्या बोलतील, त्यांचं ऐकून घे न् पोरीच्या पोटाकडं बघ. फक्त एक, माझ्यापासून काय लपवू नको. इथं माणूस घरच्या पत्रावर जगतो. आमच्या बराकीत वेरावळकडचा एक होता. त्याच्या घरून पोरगा गेल्याचं पत्र आलं. वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं गळ्याला दोरी लावली. लुंगीची.

तात्यांनी मला वेगळं पत्र टाकलंय. वाणगावला कुणी बिजवर हाय म्हणे, विटांची भट्टी हाय, हेमालीला मागतोय. पोरीच्या दुप्पट वयाचा. त्याची पहिली बायको कशानं गेली ते तात्यांनी लिहिलं नाय. तात्यांना सांग, दिनानाथ नाय म्हणतो. माझी पोर शिकणार. मी इथं जे भोगतो ते तिला भट्टीवर पाठवायला भोगत नाय.

मोत्यांचं विणकाम शिकलोय. एक पाकीट बनवलंय, हेमालीसाठी. सोडतील तेव्हा आणीन.

पायाची सूज वर चढलीय. औषध मागितलं की म्हणतात, समुद्राचं पाणी उतरतंय.

दिनानाथ


माहीम
६ मे २०२५

हेमालीच्या बाबांना नलूचा नमस्कार.

टपाल बंद झालंय. संघटनेचा माणूस म्हणाला, लिहून ठेवा, वकिलातीकडून वाट निघाली की धाडू. म्हणून लिहिते. कधी पोचेल ते दर्याला ठाऊक.

काश्मिरात माणसं मारली ते तुमाला तिथं कळलंच असेल. आता लढाई होणार असं सगळे बोलतात. उद्या इथं भोंगे वाजवणार, सराव हाय. आपल्याकडं अणुकेंद्र, म्हणून लोक जास्त घाबरलेत. कंपनीतले परप्रांतीय गाठोडी बांधून निघाले. राम सुमेर म्हणून एक मशीनवाला हाय, त्यानं मला सांगितलं, "भाभी, पहला बम यहीं गिरेगा. आप भी निकल जाओ." मी कुठं निकलू? माझं गावच हे.

आज दुपारी आमाला सगळ्या बायांना अंगणात उभं केलं. शिफ्टवर देखरेख करणारे प्रदीपसाहेब हाय, ते म्हणाले, "सैन्याचा माल आहे. पुरुष पळाले. आता तुम्ही मशीन चालवायची. सीमेवर जवान, इथे तुम्ही." आमच्यातली जमना म्हणाली, "साहेब, काल मशीनला हात लावला तर ओरडत होतात." सगळ्या हसल्या. साहेबपण हसले.

मला रुळाच्या मशीनवर घातलंय. दोन लोखंडी रूळ फिरतात, त्यातून कापड दाबून निघतं. चालू कसं करायचं ते शिकवलं. संध्याकाळी मी कापडाचा आख्खा ताका काढला. तुमी असता तर दाखवलं असतं.

पण एक मनात येतं ते लिहिते. मी ही पट्टी कुणासाठी काढते? आपल्या जवानांसाठी, हो. पण आपला बॉम्ब तिकडं पडला तर तुमी तिकडंच हाय. साहेब भारत माता की जय म्हणतात, मी पण म्हणते, न् डोळ्यापुढं तुमची बराक येते. हे कुणाला सांगू? माईंना सांगितलं. माई म्हणाल्या, "तू तुझ्या नवऱ्यासाठी न् जवानांसाठी, दोघांसाठी काढ पट्टी."

हेमालीचा निकाल लागला. चांगली पास झाली. पाया पडायला तुमी नाय म्हणून तुमच्या फोटोच्या पाया पडली, मग रडली, जित्या माणसाच्या फोटोच्या पाया कशा पडायच्या म्हणून.

जपून राहा. खिडकीपासून लांब निजा.

नलू


माहीम
२४ ऑगस्ट २०२५

श्री. दिनानाथ यांस,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सर्वजण इथे सुखरूप आहोत. काळजी करू नये. युद्ध चारच दिवस चालले, पण कंपनीतले काम त्यानंतरही दोन-तीन आठवडे तसेच चालू होते. त्या काळात आम्ही सर्व महिलांनी मशीनवर काम केले. एकही गाडी रिकामी गेली नाही. आता पुरुष कामगार परत आले आहेत आणि आम्ही पुन्हा आमच्या विभागात आहोत.

स्वातंत्र्यदिनी कंपनीत आमचा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ मिळाले. साहेबांनी भाषणात आमचे कौतुक केले. पेपरमध्ये फोटोही आला आहे.

माझी प्रकृती चांगली आहे. मध्यंतरी थोडे बरे नव्हते, म्हणून पत्राला उशीर झाला. हेमालीने नर्सिंगसाठी अर्ज केला आहे. तात्या आणि माई बरे आहेत. आपण आपल्या पायांची काळजी घ्यावी. सुटका लवकर होईल असे सगळे म्हणतात.

आपली,
नलू


कराची, तुरुंग
१९ ऑक्टोबर २०२५

नलू,

तुझी दोन पत्रं एकदम मिळाली. मे महिन्यातलं न् ऑगस्टमधलं. दोन्ही मांडीवर ठेवून वाचली. एक माझ्या बायकोचं हाय. दुसरं कुणाचं हाय ते तू सांग.

अक्षर तुझं नाय. तुझा र मी हजारात ओळखतो. न् भाषा? लग्न झाल्यापासून तू कधी "आहे" म्हणालीस? "आपण काळजी घ्यावी" म्हणे. माझं नाव लिहिलंयस वर. वीस वर्षांत तू माझं नाव घेतलं नायस, उखाण्यातसुद्धा लाजून पळालीस. आता एकदम श्री. दिनानाथ.

वाडीवाल्यांची पोरगी लिहून देते असं म्हणशील. मी ते पण मनात आणलं. पण तू सातवी शिकलीस, तुला लिहिता येतं. लिहिता येणाऱ्या बाईनं नवऱ्याचं पत्र दुसऱ्याच्या हातानं का लिहावं? ज्याला सांगून लिहायचं त्याच्यासमोर बसून माझ्या सुजलेल्या पायांवर बोलतेस तू. "थोडे बरे नव्हते." काय बरं नव्हतं? बाईला काय काय बरं नसतं ते मला ठाऊक हाय.

आपल्या आळीतला मेहुल गेल्या महिन्यात धरून आणलाय, आमच्याच बराकीत हाय. मी काय विचारायच्या आधी तोच म्हणाला, "नलूवैनी पेपरात आली, साहेबाच्या बाजूला उभी, अंगावर शाल." सगळ्या बराकीनं ऐकलं. त्यातला एक गुजराती म्हणाला, तुझी बायको लढाई जिंकली, तू हरलास. सगळे हसले. मी पण हसलो. हसायलाच लागतं इथं.

त्या चार दिवसांत आमाला उन्हात बसवून ठेवलं होतं. वरून विमान गेलं की शिपाई आमच्या पाठीत दांडा घालायचा न् म्हणायचा, तुमारे लोग आ रहे हैं. न् त्याच लढाईची शाल तू तिथं अंगावर घेतलीस.

मला आता तुझं पत्र नको. तात्यांना मी वेगळं लिहिलंय. वाणगावच्या स्थळाला हो म्हणायला सांगितलंय. तुझ्या सावलीत वाढून पोर नर्स-बिर्स होऊन तुझ्यासारखी साहेबांच्या बाजूला उभी राहण्यापेक्षा भट्टीवर बरी. न् तू घर सोड. मी येईन तेव्हा तू मला त्या घरात दिसायची नायस.

दिनानाथ


माहीम
२८ नोव्हेंबर २०२५

दिनानाथदादा,

मी चारुता. तुमच्या घरापलीकडच्या वाडीतली. ते पत्र मीच लिहिलं होतं. नलूवहिनी सांगत होत्या आणि मी लिहीत होते. त्यांनी "हेमालीच्या बाबांना" असंच सांगितलं होतं. सरकारी माणसांच्या हातून जाणार म्हणून मी नीट नाव लिहिलं. "हाय", "नाय"चं "आहे", "नाही" मी केलं, कारण मला तसंच लिहिता येतं. तुमचं उत्तर त्यांनी मला वाचायला दिलं. उत्तर लिहू का विचारलं तर म्हणाल्या, "नको. त्यांना इथलं कळलं तर ते तिथं टिकायचे नाय. रागावलेला माणूस तरी जगतो." मी त्यांचं ऐकत नाही.

वहिनींच्या उजव्या हाताला बोटं नाहीत, दादा. अंगठा आहे. बाकीची चार गेली.

मे महिन्याच्या शेवटी झालं. लढाई थांबली होती, पण माल मागत होते आणि पुरुष परतले नव्हते. भोंग्यांच्या भीतीनं खिडक्यांना लावलेला काळा कागद कुणी काढला नव्हता. भर दुपारी दिवे लावून काम चालायचं. आत इतकं उकडायचं की बाया पदर भिजवून डोक्यावर घ्यायच्या. रुळांपुढे एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जाळी असली की ताका सावकाश निघतो, म्हणून प्रदीपसाहेबांनी ती काढून ठेवली होती. त्या दिवशी कापड मधे चुरगळलं. वहिनी ते सरळ करायला गेल्या.

मी दहा पावलांवर होते. त्या ओरडल्या नाहीत. "चारू, चारू" एवढंच म्हणाल्या. मी लाल बटण दाबलं. मशीन थांबलं, पण हात आतच. रूळ उलटे फिरवायला लागतात. ते कसे फिरवायचे, कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला चालू करायला शिकवलं होतं, उलटं फिरवायला नाही. जमनानं राम सुमेरला फोन लावला. तो त्याच्या गावी शेतात होता. तो फोनवरून हिंदीत सांगत होता, कुठला दांडा, कुठली कळ, आणि जमना रडत रडत तसं करत होती. साहेब म्हणत होते, "आधी कापड कापून घ्या, बाकीचा ताका खराब होईल." मी माझ्या कानांनी ऐकलं.

हात बाहेर काढून आम्ही त्यावर तिथलीच पट्टी गुंडाळली. गुंडाळत गेलो आणि ती भिजत गेली.

बोईसरच्या दवाखान्यात वहिनींनी शुद्ध येताच पहिलं विचारलं ते तुमच्याबद्दल. "त्यांना कळवलं नाय ना?" तुम्ही त्या वेरावळच्या माणसाचं लिहिलं होतं. तेच त्यांच्या डोक्यात होतं.

कंपनीनं कागदावर लिहिलं की नलू ही पॅकिंगची बाई आहे, मशीनवर तिची नेमणूकच नव्हती, ती आपल्या मनानं तिथं गेली. मी साक्ष द्यायला गेले तर मला गोदामात बदली दिली.

आणि तो सत्कार. वहिनींना यायचं नव्हतं. साहेबांनी घरी गाडी पाठवली. आल्या नाहीत तर लोक विचारतील म्हणून. व्यासपीठावर त्यांनी डावा हात पुढे केला, तेव्हा सूत्रसंचालन करणारी बाई माइकवर म्हणाली, "ताई, नारळ उजव्या हाताने घ्यायचा असतो." वहिनींनी पदराखालचा उजवा हात काढला. त्यावर नारळ राहीना. तो घरंगळला, साहेबांनी झेलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेवढ्यात फोटो काढला. तुमच्या मेहुलनं पाहिला तो फोटो हाच. पुढच्या महिन्यात आम्हा बायकांपैकी निम्म्या काढल्या. वहिनी त्यात पहिल्या.

तात्यांना हे सगळं ठाऊक आहे. दवाखान्यातून त्यांच्याच दारात आम्ही वहिनींना उतरवलं होतं. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींचं बोचकं ओट्यावर ठेवलं. माई मधे पडल्या तर त्यांना म्हणाले, "एका हाताची बाई मासळी कापणार की भाकरी थापणार? पोरानंच लिहिलंय, मी कोण?" वहिनी आता बोईसरला जमनाच्या खोलीत आहेत.

हेमालीचं लग्न पुढच्या महिन्यात ठरवताहेत. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती. दादा, हे पत्र मिळाल्या मिळाल्या लिहा. तात्या फक्त तुमचा शब्द मानतात.

चारुता


माहीम
३० डिसेंबर २०२५

चि. दिनानाथास तात्याचा आशीर्वाद.

तुझ्या शब्दाप्रमाणे सगळं पार पाडलं. चि. हेमाली वाणगावला दिली. मांडव साधाच घातला. पोर जरा रडली, पोरी रडतातच. घर भरलेलं हाय, विटा वाहायला दोन खटारे, ट्रॅक्टर, भट्टीवर माणसं. जावई उमदा. वयाचं काय, पुरुषाला वय नसतं.

तुझ्या बायकोला घराबाहेर काढलं. लग्नाच्या दिवशी वाणगावला येऊन मांडवाबाहेर उभी होती. आत घेतली नाय.

तू विचारलंस, पत्र तिला कोण लिहून देतो. मी त्यात पडत नाय. तुझी बायको, तुझं तू बघ.

माईची नजर कमी झालीय. तुझी वाट बघते.

तात्या


कराची, तुरुंग
२१ जानेवारी २०२६

तीर्थरूप तात्यांस,

वाडीवाल्यांच्या चारुताचं पत्र आज मिळालं. मी जे लिहिलं ते सगळं पुसून टाका. तिनं लिहिलेला महिना उलटलाय, पण अजून अक्षता पडल्या नसतील तर हेमालीचं लग्न थांबवा. बोलणी झाली असतील, साखरपुडा झाला असेल, तरी मोडा. माझ्या नावानं मोडा, दोष माझ्यावर घाला, पोरीला कॉलेजला धाडा.

नलूला आजच्या आज घरी आणा. बोईसरला जमना म्हणून बाई हाय, तिच्याकडं हाय ती. तुमी जाऊन आणा, माईला पाठवू नका. तिला सांगा, मी चुकलो.

तुमाला तिचा हात ठाऊक होता तर मला का नाय लिहिलंत? ह्याचं उत्तर मी आल्यावर द्या. आधी लग्न थांबवा.

दिनानाथ


माहीम
६ एप्रिल २०२६

नलू,

हे पत्र चारुताच्या हाती देतोय. तू मला दारात उभं करणार नायस असं ती म्हणाली, म्हणून आधी कागद.

आमाला मार्चमध्ये सोडलं. वाघा सीमेवर बसमधून उतरवलं, गळ्यात हार घातले, फोटो काढले. गाडीत सगळे गाणी म्हणत होते. मी म्हणत नव्हतो. तात्यांचं पत्र मला सुटायच्या आठवडाभर आधी मिळालं होतं.

घरी आलो तर तात्या ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी विचारलं, "तिचा हात तुमाला ठाऊक होता ना?" म्हणाले, "तू लिहिलंस, मी केलं." परत विचारलं. परत तेच. मी त्यांच्यावर हात उगारला, नलू. माई मधे आली. तिला मी दिसलो नाय नीट, माझ्या आवाजावरून तिनं मला धरलं.

वाणगावला गेलो. हेमालीनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं, पाहुण्याला ठेवतात तसं. मी मोत्यांचं पाकीट पुढं केलं. तिनं हात पुसले, पाकीट घेतलं, कोनाड्यात ठेवलं. मी म्हटलं, "बाय, माझ्याशी बोल." ती म्हणाली, "काय बोलू? भट्टी पेटवायची वेळ झाली." तिच्या कोपरापाशी भाजल्याचा डाग होता. कशानं म्हणून विचारलं तर म्हणाली, विटेनं. जावई समोर बसला होता.

माझे पाय गेलेत. बोटीवर चढता येत नाय. डॉक्टर म्हणतो, मूत्रपिंडाचं हाय.

तू ये. तुझ्या हाताला जे जमत नाय ते मी करीन, माझ्या पायांना जमत नाय ते तू कर. तात्यांना मी मागच्या खोलीत घातलंय. मी रात्रंदिवस दार उघडं ठेवून बसतो.

दिनानाथ


बोईसर
१९ एप्रिल २०२६

हेमालीच्या बाबांना,

अक्षर वाकडं हाय, डाव्या हाताचं हाय. वाचून घ्या.

तुमी सुटलात, बरं झालं. तुमी सुटावं म्हणून मी केळव्याच्या शितळादेवीला नवस बोलले होते, तो फेडून आले. तो तुमच्यासाठी नाय, देवीसाठी फेडला.

तुमी मला जे लिहिलंत ते मी गिळलं. दुसऱ्याच्या तुरुंगात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाय, एवढं मला कळतं. मला टाकलं असतंत तर मी तुमच्या उंबऱ्यावर बसून वाट बघितली असती. आले असते हाताला धरून घरात. पण माझ्यावरचा राग तुमी पोरीवर काढलात. ती तर तिथं नव्हती. ना पेपरात, ना साहेबाच्या बाजूला. ती घरात पुस्तक वाचत बसली होती.

तात्यांनी तिला तुमचं पत्र दाखवलं होतं. ती माझ्याकडं बोईसरला पळत आली. म्हणाली, "आई, हे खोटं असेल. तात्यांनी कुणाकडून लिहून घेतलं असेल." मी वाचलं. मला हो म्हणता आलं असतं. म्हणायला पायजे होतं. मी म्हटलं, "नाय गं, बाबांचंच हाय." ती स्वतःच उठून माहीमला गेली.

लग्नाच्या दिवशी मी वाणगावला गेले ते तात्यांनी लिहिलं असेल. तिनं मला बघितलं. हळदीच्या अंगानं उठायला लागली, तर तात्यांनी खांद्यावर हात ठेवला न् खाली बसवलं. मी आत घुसू शकले असते. माझ्या हाताकडं बघून सगळे बाजूला झाले असते. पण मला वाटलं, मी आत गेले तर आईनं मांडवात तमाशा केला म्हणून नवरा तिला ऐकवेल, जन्मभर. मी भिंतीला टेकून उभी राहिले. अक्षता पडल्या तेव्हा सगळ्यांनी टाकल्या, मी नाय.

तिला दिवस गेलेत. तुमच्यापुढं बोलली नसेल. मागच्या बाजारी आली होती, नवऱ्याबरोबर. तो बिडी ओढायला बाजूला गेला तेवढ्यात माझ्याजवळ बसली. माझा हात घेतला मांडीवर. कुठलं हाड कुठं तुटलं ते बोटानं चाचपून सांगत होती. मग तो आला, ती उठली.

मी जमनाच्या बाजूला सुकी मासळी घेऊन बसते. एका हातानं तोलायला जमतं. परवा कंपनीतल्या दोन नव्या पोरी आल्या होत्या बोंबील घ्यायला. एकीनं विचारलं, मावशी, हाताला काय झालं? मी म्हटलं, लढाईत गेला. त्यांना वाटलं, मी थट्टा करते.

मी येणार नाय. तुमचे पाय, तुमचे तात्या, तुमचं घर, तुमचं तुमी बघा. माईंना सांगा, दर गुरुवारी चारुताच्या हाती मऊ भात न् सुकटीचं कालवण पाठवीन. ते माईंसाठी हाय.

दार लावून घ्या. समुद्रावरून वारा सुटला की वाळू आत येते, न् माईंना झाडताना दिसत नाय.

नलू